चंद्र, रात्रीचे मेघ आणि काचेची साक्ष



चंद्राला खळे पडलेले आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. आभाळावर दुधाळ, पातळ पडदा ओढल्यासारखा होतो आणि चंद्राभोवती एक मोठे वर्तुळ उमटते. घरातील वडीलधारी मंडळी अंगणात येऊन मान वर करतात आणि खळे जवळ आहे की दूर, यावरून पावसाचा अंदाज बांधतात. वस्तुतः या मोठ्या खळ्याचा आकार बदलत नाही. ते उंचावरच्या विरळ मेघांतील षट्कोनी हिमकणांमुळे पडते आणि चंद्रापासून ते बावीस अंशांवरच पडते. हात ताठ करून अंगठा चंद्रावर ठेवला आणि पंजा फाकला, तर करंगळी जवळपास त्या वर्तुळाला टेकते. कधीही करून पाहावे. मग 'जवळचे खळे' कोणते? ते दुसरेच असते. खालच्या मेघांतील पाण्याच्या थेंबांमुळे चंद्राला अगदी लागून जे लहानसे, तांबूस कडेचे तेजोवलय दिसते, त्यालाही आपण खळेच म्हणतो. म्हणजे दोन निराळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलेले आहे, आणि वडीलधाऱ्यांचा भेद अगदीच निराधार नव्हता.

आता असे समजा की, उद्या एखादा गृहस्थ येऊन सांगू लागला, 'काल रात्री मी आकाशात असे काही पाहिले की, जे पूर्वी कधी नव्हतेच.' त्यास आपण काय उत्तर द्यावे? त्याने पाहिले ते खरे असेल. पण ते नवे होते, की फक्त त्याला नव्याने दिसले? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठमोठ्या ज्योतिर्विदांना तो दोन वेळा पडला. एकदा चंद्राबद्दल आणि एकदा मेघांबद्दल. दोन्ही वेळा साक्षीसाठी लोकांनी छायाचित्राकडे धाव घेतली. त्या साक्षीचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

चंद्राचे छायाचित्र काढण्याची हौस छायाचित्रणकलेइतकीच जुनी. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याची कृती जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, न्यूयॉर्कमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राची ओळखू येईल अशी प्रतिमा मिळविली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा त्यांना सुमारे वीस मिनिटे चंद्रापुढे उघडा ठेवावा लागला. एवढ्या वेळात चंद्र काही स्वस्थ बसत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो दर दोन मिनिटांत आपल्या स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. त्यास धरून ठेवणे हेच खरे कौशल्य. १८५१ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी पंधरा इंची दुर्बिणीतून घेतलेली चंद्राची चित्रे लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा लोक थक्क झाले. त्याच वर्षी ओल्या काचेची रीत निघाली. काचेला रसायनाचा लेप द्यावयाचा आणि तो वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवावयाचे, अशी ही धांदलीची रीत होती; पण काच पत्र्यापेक्षा कितीतरी चलाख ठरली.

या काळातील माझ्या आवडीचा माणूस म्हणजे वॉरन दि ला रू. व्यवसायाने कागद आणि छपाईचा कारखानदार, आणि रात्री आकाशाचा वेडा. आरंभी त्याच्या तेरा इंची आरशाच्या दुर्बिणीला चंद्राबरोबर फिरविणारे घड्याळ नव्हते, तेव्हा तो हातानेच काच हळूहळू सरकवीत चंद्राचा पाठलाग करी. पुढे त्याने एक सुंदर युक्ती केली. चंद्र आपणांस नेहमी एकच बाजू दाखवितो हे खरे. पण तो किंचित डोलतो, आणि त्यामुळे कधी त्याची एक कड थोडी अधिक दिसते, कधी दुसरी. अशी डोललेली दोन चित्रे, निरनिराळ्या दिवशी घेतलेली, त्याने शेजारी शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिली. चंद्र चपटा न दिसता चेंडूसारखा गोल, हाताने उचलावा असा दिसला! दोन चित्रांतून जे उमगते ते एका चित्रातून उमगत नाही, ही गोष्ट येथे प्रथम डोळ्यांना पटली. ती ध्यानात असू द्यावी. पुढे तिचे फार काम पडणार आहे.

चंद्र आणि मेघ एकाच चित्रात आणावयाचे ठरविले की मात्र पंचाईत होते, आणि ती आजही ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याला भोगावी लागते. चंद्र आपणांस रात्रीचा शीतल दिवा वाटतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र तो भर उन्हात पडलेला खडक आहे. त्याचे काळसर डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्याच जातीचा दगड. पौर्णिमेच्या चंद्रावरील डाग स्पष्ट यावेत असे वाटत असेल तर दुपारच्या उन्हातील देखाव्याला द्यावा तेवढाच क्षणभराचा वेळ पुरतो. पण तेवढ्यात भोवतालचे मेघ काळेठिक्कर राहतात. मेघांची कड उजळावी म्हणून वेळ वाढवावा, तर चंद्र पांढऱ्या चकतीखेरीज काही उरत नाही. डोळा दोन्ही एकदम पाहतो, कारण तो चंद्रावरून मेघावर जाताना आपोआप स्वतःला सावरून घेतो. काचेला ती सवय नाही.

मग जुन्या छायाचित्रकारांनी चांदण्यातील समुद्राची चित्रे काढली ती कशी? गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचे १८५६ मधील, समुद्रावरील एका गलबताचे चित्र फार गाजले. पुष्कळांनी ते चांदण्याचे समजून विकत घेतले, आणि होते ते दिवसाउजेडी, मेघांआडच्या सूर्याकडे तोंड करून घेतलेले! त्याच्या दुसऱ्या कित्येक सागरचित्रांत आकाश एका काचेवरून आणि पाणी दुसऱ्या काचेवरून छापलेले असे. यात फसविण्याचा हेतू होता असे मी म्हणत नाही. कलावंताला तेवढी मोकळीक असावी. तसेच जेम्स नॅस्मिथ याने १८७४ मध्ये कार्पेंटरबरोबर चंद्रावर जो ग्रंथ छापला, त्यातील डोंगर-विवरांची ठसठशीत छायाचित्रे चंद्राची नव्हेतच; ती त्याने स्वतः घडविलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची आहेत. नॅस्मिथने हे लपविले नाही. तथापि काचेवर उमटले म्हणजे झालेच पाहिजे, ही समजूत किती कच्ची आहे ते यावरून दिसते. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करावीच लागते.

आता पहिला खटला. चंद्रावर मारे सेरेनिटाटिस या नावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे, आणि त्यात लिने नावाचे एक लहान विवर. लोहरमान, आणि मागाहून बेअर व मेड्लर, या जर्मन नकाशाकारांनी ते आपल्या नकाशांत खोल, सुमारे दहा किलोमीटर रुंदीचे विवर म्हणून दाखविले होते. हे नकाशे डोळ्यांनी पाहून हाताने काढलेले. पण त्या काळी त्यांच्या तोडीचे दुसरे नव्हते. १८६६ च्या ऑक्टोबरात अथेन्सच्या वेधशाळेचे प्रमुख यूलियस श्मिट यांनी जाहीर केले की, लिने विवर आता तेथे नाही! त्या जागी एक पांढरट डाग तेवढा आहे. श्मिट हा कोणी ऐरागैरा माणूस नव्हता. तरुणपणापासून त्याने चंद्र रेखाटण्यात रात्री घालविल्या होत्या. त्यामुळे एकच गहजब उडाला. चंद्र मेलेला आहे म्हणतात तो मेलेला नाही, तेथे अजून उलथापालथ होते, अशा बातम्या पसरल्या आणि युरोपातील दुर्बिणी लिनेकडे वळल्या. कोणाला डाग दिसला, कोणाला डागात बारीक छिद्र दिसले, कोणाला टेकडी दिसली. शेवटी वृद्ध मेड्लरने १८६७ मध्ये पुन्हा पाहिले आणि सांगितले की, मला तर ते पूर्वीसारखेच दिसते.

न्यायाधीशाने काय करावे? ज्याच्या नकाशावर सारा भरवसा, तो म्हणतो काही बदललेले नाही. आणि ज्याचा डोळा सर्वांत तरबेज, तो म्हणतो विवर गेले. १८६६ पूर्वीची छायाचित्रे होती. दि ला रूची होती. न्यूयॉर्कच्या लुईस रदरफर्डने १८६५ मध्ये, खास छायाचित्रासाठी घासलेल्या सव्वाअकरा इंची भिंगातून घेतलेली तर त्या काळची सर्वोत्तम होती. पण एवढ्या लहान जागेचा निकाल द्यावा इतका बारकावा त्या काचांत नव्हता. डाग आहे एवढे दिसे. त्या डागात विवर आहे की नाही, हे मात्र कळण्यास मार्ग नव्हता. नेमक्या हव्या त्या दिवसाची, हव्या त्या बारकाव्याची काच कोणाजवळच नव्हती, म्हणून वाद पुढची कित्येक वर्षे धुमसत राहिला.

आज आपण त्याचा निकाल सांगू शकतो. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने लिनेची जी चित्रे पाठविली आहेत त्यांत ते स्वच्छ दिसते. अवघे सव्वादोन किलोमीटर रुंदीचे, वाडग्यासारखे नीटस, भोवती पांढऱ्या चुऱ्याचा सडा पडलेले विवर. चंद्राच्या मानाने ते तरुण आहे. पण चंद्राच्या मानाने तरुण म्हणजे मानवाच्या दृष्टीने फारच म्हातारे. ते कोठे गेले नव्हते. सूर्य तिरपा असला की त्याची सावली पडून ते मोठे वाटे आणि सूर्य वर आला की पांढऱ्या सड्यात बुडून जाई. श्मिटने जे पाहिले ते खरे पाहिले. नवे काही घडले नव्हते. नव्याने दिसले होते.

यावरून असे वाटेल की काच आली तरी काही निभावले नाही. तसे नाही. १८ जुलै १८६० रोजी स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ग्रहणाच्या वेळी काळ्या चंद्राच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसतात, हे लोकांना ठाऊक झाले होते; पण त्या कोणाच्या, चंद्राच्या की सूर्याच्या, की नुसता दृष्टीचा भ्रम, याबद्दल ऐकमत्य नव्हते. प्रत्येक जण आपापले चित्र हाताने काढी आणि दोन चित्रे जुळत नसत. त्या दिवशी आपला दि ला रू उत्तर स्पेनमध्ये रिवाबेलोसा येथे कॅमेरा लावून बसला होता आणि इटालियन ज्योतिर्विद पाद्री सेक्की पूर्व किनाऱ्याजवळ होता. दोघांच्या काचा नंतर शेजारी ठेवल्या. ज्वालांचे आकार जुळले. म्हणजे भ्रम नव्हे. आणि चंद्र जसजसा पुढे सरकला तसतशा एका बाजूच्या ज्वाला झाकत गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या होत गेल्या. म्हणजे त्या चंद्राच्या नव्हेत, मागे असलेल्या सूर्याच्या. जो वाद शंभर रेखाटनांनी मिटला नव्हता तो दोन ठिकाणांहून घेतलेल्या काचांनी मिटविला.

ग्रहणाचा विषय निघाला आहे तर आपल्या घरची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून, १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीने केलेला तिचा वीस इंची आरशाचा दूरदर्शक त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठा होता, आणि तिचे चालक होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर आणि तेथून वऱ्हाड-नागपूरकडे गेली. तेव्हा नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला सामान घेऊन जाऊन राहिले. प्लेगचे दिवस होते. त्याच जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसले होते. वऱ्हाडात तळणी येथे मॉन्डर पतिपत्नी होती, आणि मॉन्डरबाईंनी अवघ्या दीड इंची भिंगातून सूर्याच्या प्रभेचा जो लांबच लांब किरण टिपला तसा तोवर कोणी टिपला नव्हता. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर होते. (हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. १८६८ साली लॉकयर इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी. अभिमान बाळगावा, पण तो साल पाहून.) पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिचे सामान कोडाईकनालला गेले.

आता दुसरा खटला. आणि त्यासाठी आपणांस थोडे मागे, १८८३ मध्ये, आणि बरेच पूर्वेस जावे लागेल. जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचे बेट होते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी त्याचा स्फोट झाला. समुद्राच्या लाटांनी छत्तीस हजारांहून अधिक माणसे गिळली. सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर, तोफा वाजल्यासारखा आवाज ऐकू आला. धूळ आणि वायू आकाशात चढून पृथ्वीभोवती पसरले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिंहल आणि मद्रास येथील लोकांनी सकाळ-संध्याकाळ हिरवा सूर्य पाहिला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील प्राध्यापक मिची स्मिथ, जे पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे पहिले संचालक झाले, त्यांनी त्या हिरव्या सूर्याचे शास्त्रीय निरीक्षण केले. तिकडे होनोलुलूत बिशप नावाच्या पाद्र्याने सूर्याभोवती तांबूस कडेचे एक मोठे वलय पाहिले. त्यास आजही बिशपचे वलय म्हणतात. आणि नोव्हेंबरपासून इंग्लंडात सूर्यास्त असे पेटू लागले की, आग लागली असे वाटावे.

या रंगांचे छायाचित्र कोणी घेतले? कोणीच नाही. त्या वेळच्या काचेला रंग ठाऊक नव्हते, आणि तांबड्या उजेडाला तर ती जवळजवळ आंधळीच होती. येथे हाताने काढलेल्या चित्रानेच लाज राखली. लंडनच्या चेल्सी भागात थेम्सच्या काठी विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार राहत असे. त्याने संध्याकाळमागून संध्याकाळ खडूने आकाश रंगविले. पाच-दहा मिनिटांत एक, लगेच दुसरे, असे करीत पाचशेहून अधिक चित्रे झाली. रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये क्राकाटोआवर जो मोठा अहवाल काढला त्याच्या आरंभी ॲस्क्रॉफ्टचीच चित्रे छापली आहेत. म्हणून काचेची थोरवी सांगताना हाताला कमी लेखू नये, असे मला वाटते.

या रंगांमुळे एक गोष्ट झाली. मावळतीकडे कधी न पाहणारी माणसे मावळतीकडे पाहू लागली. आणि १८८५ च्या जून महिन्यात, रंग ओसरत आले असताना, युरोपात निरनिराळ्या ठिकाणी लोकांना काही निराळेच दिसले. बॅकहाउस नावाच्या इंग्रज निरीक्षकाने ८ जून रोजी जर्मनीतील किसिंगेन येथे ते पाहिले. १२ जून रोजी मॉस्कोत त्सेरास्की याने पाहिले. त्याच महिन्यात बर्लिन वेधशाळेच्या ओटो येस्से यानेही पाहिले. सूर्य मावळून बराच वेळ झालेला. नेहमीचे ढग काळे पडलेले. आणि उत्तर क्षितिजावर चांदीच्या, निळसर झाक असलेल्या, वाळूवर लाटांच्या खुणा असाव्यात तशा नक्षीच्या मेघमाला लखलखत आहेत. त्यांतून तारे आरपार दिसत. चंद्र असो वा नसो, त्यांचे तेज आपले वेगळेच. येस्सेने त्यांना जर्मन भाषेत 'प्रकाशणारे रात्रीचे मेघ' असे नाव दिले. आपण त्यांना निशादीप्त मेघ म्हणू.

ते स्वतः प्रकाशत नाहीत. संध्याकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी अंधार पडला तरी माथ्यावर क्षणभर ऊन असते, हे आपण पाहिले आहे. माथा जितका उंच तितके ऊन अधिक वेळ टिकते. मग ज्या मेघावर सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनीही ऊन असते तो मेघ किती उंच असावा? त्सेरास्कीने आपला सहकारी बेलोपोल्स्की याच्यासह दोन ठिकाणांहून मोजून पाहिले तेव्हाच उंची पंचाहत्तर किलोमीटरांच्या पुढे आली होती. पण सारखी हलणारी, वितळणारी ती नक्षी. दोन माणसांनी दोन ठिकाणांहून त्यातील नेमके एकच टोक धरले की नाही याची खात्री कोण देणार?

येथे येस्सेचा खरा पराक्रम. एव्हाना कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या होत्या. आधी तयार करून पेटीत ठेवाव्यात, हवी तेव्हा वापरावी. आणि ओल्या काचेपेक्षा कितीतरी पट चलाख. १८८७ मध्ये येस्सेने निशादीप्त मेघांची पहिली छायाचित्रे घेतली. त्यानंतर १८८९ पासून त्याने बर्लिनजवळ स्टेग्लिट्स, नाउएन अशा एकमेकांपासून दूरच्या गावी कॅमेरे ठेवविले, आणि ठरल्या क्षणी सर्वांनी एकदम काच उघडावयाची असा नेम घातला. आपण डोळ्यांपुढे अंगठा धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला तर मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा वाटतो. तोच प्रकार येथे. भिंतीच्या जागी तारे. ते इतके दूर की दोन्ही गावांतून एकाच जागी दिसणारे. अंगठ्याच्या जागी मेघ. तो दोन काचांवर ताऱ्यांच्या मानाने निरनिराळ्या जागी आलेला. तो किती सरकला ते मोजा, दोन गावांतील अंतर घ्या, आणि गणित करा. काच मेघाला थांबवून ठेवते, म्हणून टोक तेच की दुसरे हा वाद राहत नाही. १८८९ ते १८९६ पर्यंतच्या वेधांतून येस्सेने उंची काढली ती सरासरी ८२ किलोमीटर. मुंबईहून लोणावळ्याला जाण्यास जेवढी वाट तुडवावी लागते, तेवढे सरळ वर! नेहमीचे उंचात उंच मेघ याच्या पाव अंतरावरच संपतात. आज अग्निबाण आणि उपग्रह पाठवून मोजलेली उंची ऐंशी ते पंच्याऐंशी किलोमीटर भरते; एवढ्या साध्या साधनांनी काढलेला आकडा एवढा टिकलेला मला दुसरा चटकन आठवत नाही.

तथापि, आपला मूळ प्रश्न राहिलाच. हे मेघ १८८५ मध्ये जन्मले, की पूर्वीपासून होते आणि कोणी पाहिले नव्हते? येस्सेच्या काळी पुष्कळांना ते क्राकाटोआची धूळच वाटले. पण धूळ खाली बसली, तांबडे सूर्यास्त संपले आणि मेघ मात्र राहिले. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का येथे आकाशातून मोठा पाषाण येऊन फुटला, त्यानंतरच्या रात्री तर युरोपात ते इतके उजळले की मध्यरात्री लोकांनी छायाचित्रे घेतली. मेघ जुनेच आहेत म्हणणारे सांगतात की, तांबड्या सूर्यास्तांनी लोकांचे डोळे वर गेले, म्हणून ते दिसले. लिने विवरासारखेच हे. आर्माच्या वेधशाळेतील रॉबिन्सन यांची १८५० मधील एक नोंद याच मेघांची असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. नवे म्हणणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. त्सेरास्की कित्येक वर्षे उन्हाळ्यातील रात्री ताऱ्यांचे तेज मोजीत होता. असल्या माणसाच्या नजरेतून एवढे लखलखीत मेघ सुटतील, हे मला तरी पटत नाही.

अलीकडच्या संशोधनाने या बाजूला जोर आला आहे. हे मेघ शुद्ध पाण्याच्या बर्फाचे आहेत, हे उपग्रहावरील वेधांनी २००१ मध्ये सिद्ध झाले. कण इतके बारीक की त्यांना खळे पाडण्याचे सामर्थ्य नाही. ऐन उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या भागांवर ८० किलोमीटरच्या वर हवा उणे १२० अंशांहूनही थंड होते. जमिनीवर उन्हाळा असताना तेथे सर्वांत कडक थंडी असते, हे त्या थराचे नवल. तेथे वाफ फारच थोडी, आणि उल्कांच्या सूक्ष्म राखेवर ती गोठते. ही वाफ तेथवर जाते कशी? काही थोडी खालून चढते. पण बरीचशी तेथेच तयार होते. भातखाचरे, गुरेढोरे, दलदली, कोळशाच्या आणि तेलाच्या खाणी यांतून मिथेन वायू निघतो आणि तो वर जाऊन तुटला की त्यापासून पाणी होते. कारखानदारीच्या युगात मिथेन वाढला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या गणिताप्रमाणे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या उंचीवरील वाफ सुमारे ४० टक्क्यांनी वाढली; पूर्वी असा ठळक मेघ दिसण्याचा योग काही दशकांतून एखादा, आता दर वर्षी. आपल्या अक्षांशांवरून हे मेघ दिसत नाहीत. पन्नास ते पासष्ट अंशांचा पट्टा त्यांचा खास. तरी २०१९ च्या जूनमध्ये ते दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत खाली दिसले. क्राकाटोआने वर फेकलेल्या वाफेने १८८५ मध्ये तात्पुरती भर घातली असेल, हा तर्कही मांडला जातो. हे सारे गणित आहे. सबळ गणित आहे. पण गणित आणि साक्ष या दोन गोष्टी आहेत. १८८० च्या जूनमधील बर्लिनच्या आकाशाची एक काच मिळाली असती तर गणिताची गरजच पडली नसती.

उलट, आधीची काच हाती असली म्हणजे काय होते, तेही पाहू. १७ मार्च २०१३ रोजी चंद्राच्या मारे इंब्रियम मैदानात क्षणभर एक ठिणगी चमकली. अमेरिकेतील दुर्बिणीवरील कॅमेऱ्याने ती टिपली. ज्या यानाने लिनेचा निकाल लावला त्याच्याजवळ त्या जागेची आधीची चित्रे होती. त्याने नंतरची घेतली आणि दोन्ही ताडून पाहिली. १८ मीटर रुंदीचा एक नवा खड्डा निघाला. आपल्या एखाद्या वाड्याच्या चौकाएवढा! ज्या वादात श्मिटचे आणि मेड्लरचे आयुष्य गुंतले, तो वाद येथे उद्‌भवलाच नाही.

१५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातील टोंगाजवळ समुद्रातील ज्वालामुखी फुटला. त्याने पाण्याची वाफ इतकी वर फेकली की वातावरणाच्या दुसऱ्या थरातील, म्हणजे स्थितांबरातील, एकूण पाण्यात सुमारे दहा टक्क्यांची भर पडली. क्राकाटोआनंतर कोणी हे मोजू शकले नव्हते. या वेळी मात्र तो थर वर्षानुवर्षे मोजणारा उपग्रह आधीपासूनच वर होता, आणि स्फोटाच्या आदल्या दिवशीचे आकडेही त्याच्यापाशी आहेत. ती वाफ हळूहळू वर चढून निशादीप्त मेघांवर काय परिणाम करते, हे उत्तरेकडील निरीक्षक त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात टिपत आले आहेत. येस्सेने १८८७ मध्ये पेटीतून काढलेल्या त्या पहिल्या काचेच्या मागची, तिच्याहून जुनी अशी या मेघांची एकही काच मात्र आजवर कोणाच्या संग्रहातून निघालेली नाही.